शिंपल्याच्या पोटातलं काळं

कोल्हापूर
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय अवू,

आशीर्वाद. आम्ही इकडे धडधाकट आहोत. तुम्हीही असाल असं धरून चालते, कारण फोन केला तर तू उचलत नाहीस आणि उचललास तर "सगळं छान" म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. शहजादचा टेंपो तुमच्या रिकाम्या थर्माकोलच्या पेट्या घेऊन आंबा घाटातून खाली परत जातो, त्यातल्याच एका पेटीत हे पिशवीत गुंडाळून ठेवतेय. पत्राला वास मारला तर तो तुमच्याच मालाचा समज.

आधी वासाचंच सांगते. शुक्रवारी तुमचे शिंपले तपासणीला आले, ते हिरव्या कडेचे, ज्यांना तुम्ही शिनाणे म्हणता. शाहूपुरीत, खाली गुळाचं गोदाम आणि वर आपली प्रयोगशाळा, अशा जागेत माझी वीस वर्षं गेली. नासलेलं दूध, कुजलेलं पाणी, बुरशी चढलेल्या गुळाच्या ढेपा, सगळं मी हुंगलेलं आहे. पण ही पेटी उघडली आणि सकाळचे पोहे माझ्या गळ्याशी आले. रोशनबी, आपल्याकडे काचेची भांडी धुते ती, तिनं एक शिंपला उचलून सरळ माझ्या नाकाखाली धरला. "ताजं हाय की ओ बाई, वास कुठं येतोय?" तिला येत नव्हता. मला मात्र त्या लिबलिबीत, नारिंगी, जिभेसारख्या मांसाकडे बघूनसुद्धा शिसारी आली. मी ओढणी नाकाला लावून गॅलरीत पळाले ती तासभर आत आले नाही. रागावू नकोस. तुझी चूल ज्यावर पेटते त्याला मी नावं ठेवत नाही. आपल्या शाकाहारी घरात वाढलेल्या नाकाला ते समजत नाही, एवढंच.

मोहितला सांग, काम झालं. हॉटेलवाल्या विजयसिंहांनी बजावलंच होतं, "रिपोर्ट असल्याबिगर एक शिंपला आत घेणार न्हाय." त्यांच्याकडे पुढच्या शनिवारी समुद्री जेवणाचा मोठा बेत आहे. रिपोर्ट त्यांना कालच पोचला. तुमचा माल स्वच्छ आहे.

मागे एकदा फोनवर तू विचारलं होतंस, शिंपल्यातलं विष तुम्ही पकडता कसं? तेव्हा तू फोन ठेवायच्या घाईत होतीस, आता वाच. समुद्रात कधीकधी एका जातीचं बारीक शेवाळ माजतं. शिंपला दिवसभर पाणी गाळत बसतो आणि ते शेवाळ पोटात साठवतो. त्याला काही होत नाही, खाणाऱ्याला होतं. ते विष दिसत नाही, चवीला लागत नाही आणि कितीही शिजवलं तरी जात नाही. ते ओळखायला आपल्या धाकट्या सौमित्रनं नवीन किट आणलंय, त्यात प्रतिपिंडं असतात. आपली शेजारीण चिमणाबाई आठवते? रंकाळ्यात कितीही म्हशी डुंबत असल्या तरी ती नीट जाऊन स्वतःच्याच म्हशीचा कान धरायची. प्रतिपिंडाचं तसंच आहे, हजार गोष्टींच्या रगाड्यात ते फक्त त्या विषाला जाऊन धरतं. शिंपल्याचं मांस वाटायचं, गाळायचं, तो अर्क ताटलीतल्या बारक्या बारक्या वाट्यांत घालायचा आणि रंगाची वाट बघायची. यात हिशेब उलटा असतो. रंग गडद आला तर माल चांगला, फिका राहिला तर विष. तुमच्या वाट्या हळदीसारख्या पिवळ्याधमक आल्या. मला उगाच माझंच लग्न ठरल्यासारखा आनंद झाला.

एक गंमत राहिली. नमुना अप्पांनी स्वतः केला! पेटीवर तुमच्या गावाचं नाव वाचलं आणि म्हणाले, "ही पेटी माझ्याकडं द्या." अकरा वर्षांत ज्यांनी तुझं नाव घेतलं नाही, तू मोहितचा हात धरून गेलीस त्या दिवशी ज्यांनी भर दुपारी अंगणात डोक्यावरून पाणी घेतलं, ते दार लावून तुझे शिंपले फोडत बसले. मी गॅलरीतून आले तेव्हा वाटून तयार अर्क माझ्या टेबलावर होता. मला वाटलं आता घरी जाऊन दोन बादल्या अंघोळ करतील. नाही. नुसते हात धुतले आणि जेवायला बसले. मी सौमित्रकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे.

तुझ्या अंतराला गोड पापा. दिवाळीचा फराळ याच पेटीतून पाठवीन, चकलीला माशाचा वास लागला तर तिला चालेल बहुतेक.

तुझी,
अक्का


कोल्हापूर
शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५

अवंतिका,

शहजादनं सांगितलंच असेल. शनिवारी विजयसिंहांच्या हॉटेलात तुमचे शिंपले खाऊन बरीच माणसं आडवी झाली.

मी दवाखान्यात हंबीररावांना बघायला गेले होते. तुला ते आठवतील, अप्पांबरोबर सकाळी फिरायला जाणारे, लहानपणी आपल्याला गुळाचा खडा देणारे. एवढा मिशांना पीळ देणारा माणूस, बादली पोटाशी धरून बसला होता. वरून उलटी, खालून जुलाब, आणि त्यातनं मला म्हणतो, "पोरी, भाईर जा, बघू नगंस." त्या घाणीवर फिनेल ओतलेलं, फिनेलवर कुणीतरी उदबत्ती लावलेली. घरी दोनदा केस धुतले तरी तो वास गेला नाही. जीव कुणाचा गेला नाही, सगळे घरी परतले, पण तेवढ्यावर समाधान मानायचं असेल तर मला ते जमत नाही.

डॉक्टर म्हणतात, लक्षणं शेवाळाच्या विषाचीच दिसतात. आमचा रिपोर्ट म्हणतो, विष नाही. सरकारी अधिकारी येऊन गेले. सौमित्रनं त्यांना सांगितलं की आमच्याकडे आलेला नमुना स्वच्छ होता, म्हणजे हॉटेलात पोचलेला माल दुसरा असणार. तसं लेखी द्यायलाही तो तयार आहे. ते लेखी गेलं की मोहितचा परवाना जाईल, पुढे पोलीसही येतील, हे मला समजतं. तो माझ्यासमोर ते बोलला आणि मी त्याला अडवलं नाही, कारण अडवायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. वाट्यांचा रंग मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. किट खराब नव्हतं, मी ते पुन्हा तपासलं.

तेव्हा तू मला खरं सांग. मोहितनं किंवा त्याच्या भावानं माल कमी पडला म्हणून दुसरीकडचा मिसळला का? घाईत माणसं करतात. तसं असेल तर आत्ताच सांगितलेलं बरं.

अप्पा नुसते पेपर वाचतात.

फराळ पाठवणार होते. या पेटीत तो घालायला मन झालं नाही.

संयोगिता


कोल्हापूर
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

प्रिय अवू,

तुझी चिठ्ठी पेटीच्या तळाशी मिळाली. "माल तोच होता, त्याच खडकावरचा. अक्का, तू तरी विचारायला नको होतंस." बस, एवढंच. मी ती वाचून घडी केली आणि पर्समध्ये ठेवली, अजून तिथंच आहे.

माल तोच होता. आता मलाही ते माहीत आहे. कसं कळलं ते सांगायलाच बसलेय, पण सुरुवात दिवाळीपासून करते. एक तर गोष्ट तिथूनच सुरू होते, आणि दुसरं म्हणजे पुढचं लिहायची मला काही घाई नाही.

दिवाळीला प्रयोगशाळा बंद होती. भाऊबीजेला मी सौमित्रला ओवाळलं, त्यानं साडी दिली, मोरपंखी, चांगली आहे. अप्पांनी अनारशांना नावं ठेवली. सगळं दरवर्षीसारखं. सुट्टी संपून मी नि रोशनबीनं कुलूप काढलं तर आतून असा भपकारा आला की रोशनबी, जिला कशाचाच वास येत नाही, तीसुद्धा मागे सरली. "बाई, ह्यात कायतर मेलंय की!" मागच्या खोलीतल्या फ्रीजरचा फ्यूज उडाला होता. आतलं सगळं वितळून तळाशी काळपट पाणी साचलं होतं. रोशनबी नाकाला पदर लावून एकेक डबा बाहेर काढत गेली आणि शेवटी एक छोटी प्लॅस्टिकची डबी माझ्यापुढे धरली. "हे काय ओ? हे तर आपल्या यादीतलं न्हाय."

आत काळ्या-हिरव्या गाठी होत्या. बोटाच्या पेराएवढ्या, मऊ, चिकट, एकमेकींना धरून बसलेल्या. मी उलटी केली, अवू. खोटं कशाला सांगू, मोरीत जाऊन सगळं बाहेर काढलं आणि मगच परत आले. पण परत आल्यावर मला कळलं की ते काय आहे.

तुझ्याकडे अकरा वर्षं शिंपले शिजतात, तुला सांगायला नको. शिंपल्याच्या मधोमध ती काळी पोटाची गाठ असते. तुमच्याकडे ती कुणी काढत नाही, हॉटेलातही नाही, मांसाबरोबर तशीच शिजते नि तशीच खाल्ली जाते. आणि शेवाळाचं विष साठतं ते बहुतेक सगळं तिथंच. बाकीचं मांस बऱ्याचदा अगदी स्वच्छ निघतं. म्हणून तर किटबरोबरच्या कागदावर पहिल्याच पानावर छापलंय की नमुन्यात सगळं मांस घ्या, काही काढू नका. तो कागद सौमित्रनं वाचला नव्हता. मी वाचला होता, पण नमुना करायला मी तिथं नव्हतेच. मी गॅलरीत ओढणी लावून उभी होते.

आमच्याकडे नमुना तयार करताना कोणीतरी त्या गाठी चिमट्यानं एकेक करून काढल्या आणि उरलेलं स्वच्छ मांस वाटून मला दिलं.

मी त्या गाठींतल्या थोड्या वाटल्या. तोंडाला फडकं बांधून, डोळ्यांतून पाणी गाळत वाटल्या. हे विष गोठवून जात नाही नि वितळून जात नाही, वास कितीही सुटो. अर्क वाट्यांत घातला, सगळं किटच्या नियमानं केलं आणि वाट बघत बसले. रंग आला नाही. शेजारच्या तुलनेच्या वाट्या पिवळ्या झाल्या आणि या पाण्यासारख्या राहिल्या. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तुमच्या शिंपल्यात विष होतं, अवू. त्यात मोहितचा काही दोष नाही, समुद्राला कोण काय करणार? पण ते होतं आणि पकडलं गेलं असतं. तुमचा माल इथंच थांबला असता, तुमचं एका फेरीचं नुकसान झालं असतं, आणि हंबीररावांनी घरी बसून पिठलं-भाकरी खाल्ली असती. किट खोटं बोललं नाही. त्याच्यापुढे जे ठेवलं त्याबद्दल ते खरंच बोललं.

वर मी "कोणीतरी" असं लिहिलंय. ते वाचून माझं मलाच ओशाळं वाटतंय. तुला पहिल्या पत्रातलं आठवत असेलच. दार लावून कोण बसलं होतं ते तुला ठाऊक आहे.

मी डबी घेऊन घरी गेले. अप्पा ओसरीवर पेपर वाचत होते. म्हटलं, "अप्पा, हे तुम्ही काढलंत?"

त्यांनी चष्म्यावरून डबीकडे बघितलं. "व्हय, मीच काढलं. मग काय, हागल्यालं वाटून मशीनीत घालायचं?"

"सगळं घ्यायचं असतं, अप्पा. छापलंय तसं."

"माझं आयुष्य नमुनं करण्यात गेलं, मला शिकवू नगंस. गुळाची ढेप आली की वरचा मळ खरवडून आतला गूळ घ्यायचा. मळ तपासला तर गूळ नापास व्हतोय. त्येच केलं." आणि मग पेपर पुन्हा उघडत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेकीचा माल हाय. घाणीसकट कसा पाठवायचा?"

अकरा वर्षांत त्यांच्या तोंडून "लेक" हा शब्द मी तुझ्यासाठी पहिल्यांदा ऐकला, आणि तो कधी ऐकला बघ! टाकून का नाही दिलं, असं विचारलं तर म्हणाले, "नमुन्यातलं काय बी टाकायचं न्हाय, म्हैना हुईस्तवर." त्यांचाच नियम. तो त्यांनी इमानदारीनं पाळला. नसता पाळला तर आज मी तुला हे लिहू शकले नसते आणि तुझा नवरा खोटारडा ठरला असता.

आता सौमित्रचं. मला वाटलं होतं, वाट्या बघितल्यावर तो घाबरेल, डोकं धरून बसेल. त्यानं आधी जिन्याचं दार लावलं. मग म्हणाला, "हे बाहेर गेलं तर अप्पांचं नाव जातंय, लॅब बंद पडतीय. मोहितचं काय, तो मच्छीमारीत दुसरं काहीतरी करंल." असं म्हणाला तुझा भाऊ. तू धाकट्या भावाला कडेवर घेऊन कुरुंदवाडला मामाच्या घरी जायचीस, तो हाच. मी म्हटलं, मी हे लपवणार नाही. तर त्यावर तो जे बोलला त्यानं मला त्या फ्रीजरपेक्षा जास्त ओकारी आली.

"मग रोशनबीनं साफ केलं म्हणू या. ती घरी मासळी साफ करतीय. सवयीनं केलं आसंल, कोण विचारतंय?"

पलीकडे मोरीत रोशनबी भांडी धूत होती. नळ बंद झाला. ती हात पुसत दारात आली आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, "बाई, फ्लास्क पुसून कपाटात ठेवू काय?" मी "हो" म्हटलं. ती परत गेली आणि नळ बराच वेळ सुरू झाला नाही.

आणि अप्पा तिथंच बसले होते, अवू. मी त्यांना बोलावूनच आणलं होतं, वाट्या दाखवायला. सगळं ऐकलं त्यांनी. तालुक्यातल्या पुढाऱ्याच्या डेअरीचं दूध पाणी घातलेलं निघालं तेव्हा ज्यांनी धमक्या खाल्ल्या पण अहवाल बदलला नाही, ज्यांचं बघून मी हे काम शिकले, ते अप्पा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. आत्ता म्हणतील, आत्ता म्हणतील, "मी केलं." ते खिडकीबाहेर गुळाच्या गाड्या बघत राहिले.

मला शिंपल्यांची किळस वाटायची. ती मी हसत हसत सांगायचे, त्यात मला थोडा मोठेपणाही वाटत असणार. आम्ही असलं काही खात नाही, आमची नाकं नाजूक, आमचं घर धुतलेलं. त्या दिवशी त्या खोलीत मला आपल्या घराचीच किळस आली. धुतलेले हात, इस्त्रीचा सदरा, देव्हाऱ्यातली वात, आणि तिथं बसून ठरवतात काय, तर कुणाच्या अंगावर घाण टाकायची. कोकणात राहणारी पोरगी चालेल, नाहीतर मोरीत भांडी धुणारी बाई चालेल. आपल्याला डाग नको. शब्दच नाही दुसरा, घाण.

परवा सकाळी मी अधिकाऱ्यांकडे गेले. डबीतला उरलेला भाग सीलबंद करून दिला, तो ते मोठ्या सरकारी प्रयोगशाळेत पाठवणार आहेत. माझं निवेदन माझ्या सहीनं दिलं. त्यात लिहिलं की माल बदललेला नाही, पुरवठादाराचा दोष नाही, चूक आमच्याकडे नमुना करताना झाली. कुणी केली तेही लिहिलं. अप्पांचं नाव लिहिताना पेन थांबलं. अधिकारी भला माणूस, पाण्याचा पेला पुढे सरकवून दुसरीकडे बघत बसले. मी पाणी प्यायले आणि नाव लिहिलं, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मी गॅलरीत होते हेही लिहिलं. रोशनबीचं नाव कुठेही नाही.

त्या निवेदनाची प्रत या पत्राबरोबर ठेवलीय. मोहितला मंगळवारी जबाबाला बोलावलंय ना, तेव्हा ती बरोबर न्यायला सांग. आणि समुद्र निवळेपर्यंत एकही शिंपला बाहेर काढू नका, घरीही शिजवू नका. अंतराला तर मुळीच देऊ नकोस. पुढचा नमुना कुठेही पाठवाल, तिथे विचारा की सगळं मांस घेता का. माझ्यासारख्या बाईनं नाक मुरडलं तर दुसरीकडे जा.

सौमित्र माझ्याशी बोलत नाही. उद्यापासून मला येऊ नको म्हणालाय. रोशनबीला मात्र ये म्हणालाय, बहुतेक भीतीनं. ती आली नाही तर मला नवल वाटणार नाही. मोरपंखी साडी मी त्याच्या बायकोच्या हातात परत दिली. जरा नाटकीच झालं ते, पण दिली.

अप्पांना मी परवा दुपारी सांगितलं. वाटलं होतं भांडी फेकतील. त्यांनी पेपरची घडी घातली. मग विचारलं, "तिला कळलं काय, मी काढलं म्हणून?"

"पत्रात लिहिणार आहे."

"मग तिला सांग. घाण वाटली म्हणून न्हाय काढलं. तिचं..." आणि पुढे थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि मी त्यांच्या वतीनं ते पुरं करून तुला गोड करून पाठवणार नाही. त्यांना तुझी माया आहे, हे मला आता पक्कं माहीत आहे. पण ज्या मायेला तुझ्या घरातलं काही आत घ्यायच्या आधी खरवडून काढावं लागतं, तिचा मला राग आहे. तुला काय वाटायचं ते वाटू दे. तो तुझा हक्क आहे, मी मध्ये पडत नाही. संध्याकाळी बघितलं तर ते हंबीररावांच्या घरी चालत निघाले होते, काठी न घेता. तिथं काय बोलले ते मला माहीत नाही. परत आल्यावर जेवले नाहीत.

मागच्या पत्रात मी तुला जे विचारलं, ते विचारलंच. खोडून टाकता येत नाही. माफी मागते आणि पुन्हा त्यावर बोलत नाही, कारण लांबण लावली तर तूच मला समजावत बसशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

आता एक मागणं आहे. पाणी निवळलं, सरकारी तपासणीत तुमचा माल उतरला, की मला कळव. मी शहजादच्या टेंपोत पुढे बसून येणार आहे. अकरा वर्षांत तुझ्या घरचा पेलाभर चहा मी प्यायले नाही, कुणी मला बांधून ठेवलं नव्हतं. आल्यावर तुझ्या हातचे शिंपले खाईन. मला मळमळेल, कदाचित ताटावरून उठावंही लागेल. मोहितच्या आईला आधीच सांगून ठेव, म्हणजे तिला वाईट वाटणार नाही. नाक दाबून, डोळे मिटून, कसेही खाईन. फक्त अक्का येणार म्हणून माझ्यासाठी ते साफ करायला बसू नकोस. पोटातलं काळं काढू नकोस. तुम्ही खाता तसेच मला वाढ.

तुझ्याच घरी जेवायला येणारी,
तुझी अक्का